इंग्रजीच्या पहिल्या धड्यातील दादोबा

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही मराठी शाळेत इंग्रजी व्याकरणाचा पहिला तास बहुधा एकाच पद्धतीने सुरू होतो. नाऊन म्हणजे नाम, प्रोनाऊन म्हणजे सर्वनाम, ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, व्हर्ब म्हणजे क्रियापद, अशी दोन रकान्यांची यादी फळ्यावर येते आणि मुले ती वहीत उतरवून घेतात. शाळा पुसदची असो, वणीची असो की झरी जामणीकडील एखाद्या कोलाम पोडाजवळची असो, यादीत फरक पडत नाही. डाव्या रकान्यातील शब्द परक्या मुलखाचे आहेत हे मुलाला ऐकताक्षणीच कळते. उजव्या रकान्यातील शब्द मात्र तो आपले म्हणून स्वीकारतो. वास्तविक त्याच्या घरच्या वऱ्हाडीत, गोरमाटीत किंवा कोलामीत शब्दयोगी अव्यय किंवा उभयान्वयी अव्यय ही नावे कोणी कधी उच्चारलेली नसतात. डावा रकाना जितका नवा, जवळजवळ तितकाच उजवाही नवा. फरक इतकाच की, उजव्या रकान्यातील नावांच्या मागे जी वस्तू आहे ती मुलाच्या जिभेवर आधीपासून खेळत असते.

हा उजवा रकाना मराठी शाळेत रूढ करण्याचे श्रेय ज्यांना प्रामुख्याने दिले पाहिजे, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ओळखले जातात. पदवी मोठी आहे, पण अशा पदव्यांचा एक तोटा असतो. माणूस एकदा पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढला की त्याने नेमके काय केले याची चौकशी थांबते. दादोबांच्या बाबतीत तर याहून मौजेचा घोटाळा झालेला आहे. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या कित्येक पिढ्यांच्या हाती असलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला दादोबांची, असा समज सर्रास आढळतो. ती पाठमाला त्याच आडनावाच्या दुसऱ्या लेखकाची. दादोबांनी केलेले काम तिच्याही आधीचे, आणि एका अर्थाने तिच्या पायाखालचे होय.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे वैश्य ज्ञातीतील, वसईजवळच्या तर्खड गावावरून आडनाव पडलेले. पंतोजींच्या शाळेत अक्षर आणि हिशेब, आणि पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत इंग्रजी, असा त्यांच्या विद्याभ्यासाचा क्रम होता. शब्दशास्त्र ही शास्त्रीमंडळींची पिढीजात मिरास मानली जाण्याचा तो काळ. व्यापारी घरातील एका तरुणाने त्या शास्त्रात हात घालावा हीच एक घटना होती. त्यांना ते धाडस करता आले याचे कारण इंग्रजी शाळेने त्यांच्या हातात दिलेले एक पुस्तक हे आहे.

त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मराठीचे व्याकरण तोवर लिहिले गेले नव्हते असे नाही. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. पण ही साधने इंग्रजीतून लिहिलेली आणि मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबांसाठी होती. राज्य करावयाचे तर रयतेची भाषा समजली पाहिजे, ही त्यामागची गरज. मराठी मुलाने स्वतःच्या भाषेकडे शास्त्रीय दृष्टीने पाहावे अशी गरज राज्यकर्त्यांना फारशी वाटत नव्हती, आणि आपल्याकडच्या पंडितांनाही नव्हती, कारण त्यांच्या दृष्टीने व्याकरण असायचे ते संस्कृताला. प्राकृत बोलीला व्याकरण कसले? बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये दर्पण काढून मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर शेजारी शेजारी ठेवला, तेव्हा दोन भाषांची तुलना वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथमच आली. १८३५ मध्ये मेकॉलेचा तो प्रसिद्ध ठराव लिहिला गेला आणि सरकारी पैशाचा ओघ इंग्रजीकडे वळू लागला. दादोबांचे मराठी व्याकरण छापले गेले ते पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते.

शाळेत हाती आलेले ते पुस्तक म्हणजे लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण. मरे हे मूळचे अमेरिकेतील वकील. इंग्लंडात यॉर्क येथे स्थायिक झाल्यावर एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी हे पुस्तक रचले आणि ते १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अर्ध्या शतकात इंग्रजी जिथे जिथे शिकविली गेली तिथे तिथे ते पोहोचले. शब्दांच्या जाती, त्यांची विकारे, वाक्यरचनेचे नियम आणि प्रत्येक नियमाखाली उदाहरणे, अशी त्याची सुटसुटीत मांडणी होती. हे पुस्तक अभ्यासताना दादोबांना पडलेला प्रश्न साधा होता. परक्या भाषेचे नियम जर असे क्रमाने सांगता येतात, तर जी भाषा आपण जन्मापासून बोलतो तिचे का सांगता येऊ नयेत? आज हा प्रश्न बाळबोध वाटेल. १८३६ च्या मुंबईत तो बंडखोरीचा होता. मराठीला नियम आहेत असे म्हणणे म्हणजे ती संस्कृताची मोडकीतोडकी आवृत्ती नसून स्वतःच्या पायावर उभी असलेली भाषा आहे, असे म्हणणे होय. त्याच वर्षी गंगाधरशास्त्री फडके यांचेही मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, त्या अर्थी काळाची हवाच तशी होती. पण शाळांतून टिकले आणि पुनःपुन्हा छापले गेले ते दादोबांचे पुस्तक.

त्यात त्यांनी केले काय? सांगाडा मरे यांचा घेतला, आणि नावांसाठी संस्कृत व्याकरणाचे भांडार उघडले. नाम, सर्वनाम, विशेषण, अव्यय हे शब्द त्या भांडारात तयारच होते. अडचण आली ती जिथे दोन भाषांची हाडेच वेगळी होती तिथे. इंग्रजीत जिला प्रिपोझिशन म्हणतात तिचे नावच मुळी आधी ठेवलेला शब्द असे आहे, कारण इंग्रजीत ती नामाच्या आधी येते. मराठीत घराजवळ, झाडाखाली, नदीपर्यंत असे बोलायचे असते. आधी येण्याचा प्रश्नच नाही, शब्द मागून येऊन नामाला चिकटतो. तेव्हा इंग्रजी नावाचे भाषांतर करून भागले नसते. मराठीत रुळलेले शब्दयोगी हे नाव जागेविषयी काही बोलत नाही. शब्दाला जोडून येणारा एवढेच ते सांगते. कन्जंक्शनला उभयान्वयी, म्हणजे दोन्ही बाजूंशी संबंध राखणारे. इंटरजेक्शनला केवलप्रयोगी, म्हणजे वाक्यात कोणाशीही न जुळता एकट्याने वापरले जाणारे. ही नावे बोजड आहेत खरी, परंतु ती नीट उलगडून दाखविली तर प्रत्येक नाव म्हणजे एक लहानशी व्याख्याच आहे. दुर्दैवाने ती उलगडून दाखविण्याचीच आपल्याकडे चाल नाही.

मरे यांनी इंग्रजीत शब्दांच्या नऊ जाती मानल्या होत्या, मराठी शाळेत आठ शिकविल्या जातात. गळालेली नववी जात म्हणजे आर्टिकल. मराठीत ती नाही, म्हणून तिच्यासाठी उजव्या रकान्यात सोयीचे नाव नाही, आणि म्हणूनच आपल्याकडील पदवीधरही आयुष्यभर ए कोठे लावावा आणि द कोठे लावावा याबाबत चाचपडत असतात. उलट मराठीत जे आहे आणि इंग्रजीच्या सांगाड्यात बसत नाही, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रयोग. मुलगा आंबा खातो आणि मुलाने आंबा खाल्ला, मुलगी आंबा खाते आणि मुलीने आंबा खाल्ला. वर्तमानकाळात क्रियापद खाणाऱ्याच्या मागून चालते, भूतकाळात ते आंब्याच्या मागून चालू लागते. इंग्रजीत असे काही घडत नाही. इथे मरे उपयोगी पडेनात, तेव्हा संस्कृतातील कर्तरी, कर्मणी आणि भावे या प्रयोगांकडे वळावे लागले.

दोन परक्या चौकटींत मराठीला बसविण्याच्या या खटाटोपावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाचे परखड परीक्षण केले. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये शास्त्रीय मराठी व्याकरण लिहून अधिक खोल पाया घातला. अरविंद मंगरूळकरांनी तर १९६४ मध्ये मराठी व्याकरणाच्या पुनर्विचाराची मागणीच पुस्तकरूपाने मांडली. या टीकेचे सार असे की, मराठीत आठ विभक्ती का मोजायच्या, इंग्रजीच्या शब्दजाती जशाच्या तशा का घ्यायच्या? आक्षेप बरोबर आहे. पण एक गोष्ट विसरली जाते. मरे यांनी तरी दुसरे काय केले होते? त्यांच्या परंपरेतील व्याकरणकारांनी इंग्रजीला लॅटिनच्या साच्यात बसविले होते. उसना अंगरखा पाहून दुसरा उसना अंगरखा शिवला गेला. पहिल्या शिंप्याची मापे चुकतातच. मात्र कापड अंगाला लावून बघण्याचे काम कोणी तरी आधी करावे लागते. शिवाय दादोबा स्वतः आपल्या पुस्तकाला अखेरचा शब्द मानीत नव्हते. आवृत्तीगणिक ते भर घालीत गेले, लहान मुलांसाठी १८६५ मध्ये त्यांनी लघुव्याकरण निराळे काढले.

व्याकरणकार म्हटला की एकलकोंडा शब्दपंडित डोळ्यांपुढे येतो. दादोबा आधी मास्तर होते. जावरा संस्थानच्या नवाबाला शिकविण्यापासून त्यांच्या नोकरीला सुरुवात झाली. नंतर एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट, आणि तेथून सुरतेची इंग्रजी शाळा. सुरतेत दुर्गाराम मेहताजी आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्मसभा स्थापन केली. जातिभेद आणि भोंदू मांत्रिक यांच्याविरुद्ध उघडपणे बोलणारी ती सभा होती. बाळशास्त्री जांभेकर १८४६ च्या मे महिन्यात अकाली निवर्तले. त्याच वर्षी दादोबा मुंबईच्या नॉर्मल वर्गावर, म्हणजे खेड्यापाड्यांच्या मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणाऱ्या वर्गावर आले. त्यांच्या जीवनातील हा काळ चरित्रकारांनी फार थोडक्यात आटोपला आहे. वास्तविक पुस्तक छापून होते तेवढ्याने विद्या पसरत नाही. ती शिकविणारा माणूस पसरावा लागतो. नॉर्मल वर्गातून बाहेर पडलेला शिक्षक आपल्या शाळेत जी परिभाषा घेऊन गेला, तीच पुढल्या शिक्षकाकडे गेली.

वऱ्हाड त्या वेळी या साऱ्या घडामोडींपासून दूर होते. १८३६ मध्ये हा मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि नंतर येथे सरकारी शाळांची घडी बसू लागली. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई, यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. मुंबईत घडलेली व्याकरणाची भाषा इकडे आली ती अशी उशिरा आणि तयार स्थितीत. तिच्या घडणीतील वाद, शंका, दुरुस्त्या यांचा आवाज इकडे पोहोचला नाही, यादी तेवढी पोहोचली. यादी पाठ करून घेण्याची जी खोड आपल्या वर्गांना लागली तिचे मूळ काही अंशी येथे असावे.

वर्गात याचा परिणाम कसा दिसतो? पाचवी-सहावीतील मूल माय फादर आर अ फार्मर असे लिहिते आणि तांबड्या शाईची फुली खाते. पण त्या मुलाची चूक अडाणीपणाची नाही. माझे वडील शेतकरी आहेत, असे मराठीत म्हणायचे असते. आदरार्थी बहुवचन ही मराठीची रीत, ती त्याने इमानाने इंग्रजीत नेली. इंग्रजीत बापालाही एकवचनच लागते, त्यात अनादर नसतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तसेच टेबल ते का आणि खुर्ची ती का हे मराठीत मुलाला ऐकून कळते. इंग्रजीत निर्जीव वस्तू सगळ्या इट, हे ऐकून त्याची सुटका व्हायला हवी, प्रत्यक्षात त्याचा गोंधळ होतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवण्याची सवय, घरी हे एका शब्दात सांगण्याची सवय, या प्रत्येक सवयीमागे एक नियम आहे आणि तो मुलाला न शिकवताच येतो. दादोबांनी इंग्रजीचे व्याकरण वाचून मराठीचे नियम शोधले. आज शिक्षकाला त्याच वाटेने उलट चालायचे आहे, मुलाला अवगत असलेल्या मराठीपासून निघून इंग्रजीपाशी पोहोचायचे आहे. कोलामीसारखी द्राविड कुळातील भाषा बोलणाऱ्या मुलाला तर वाटेत आणखी एक मुक्काम असतो, आणि त्याची दखल ना डावा रकाना घेतो ना उजवा.

हा केवळ भाषेचा प्रश्न नव्हे. इंग्रजी हे आपल्या समाजात एक प्रकारचे भांडवल आहे, आणि इतर भांडवलांप्रमाणे त्याचीही वाटणी विषम आहे. दादोबांच्या काळी ते मुंबई-पुण्याच्या काही घरांत साठले. नंतर कापसाचा पैसा हाती असलेल्या घरांतील मुले अमरावती-नागपूरला जाऊन ते मिळवू लागली. महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. २००० सालापासून ती पहिलीपासून सुरू झाली. घोषणा समतेची होती. परंतु भांडवल हाती देणे आणि ते वापरण्याचे कसब देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते त्या मुलाला व्याकरणाचा नियम समजला नाही तरी कानाला सवय होऊन चालते. आर्णी-घाटंजीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला तो आधार नाही. त्याला नियमच लागतो, आणि तो त्याला कळणाऱ्या भाषेत लागतो. तो नीट मिळत नाही म्हणून ऐपत नसताना फीच्या शाळेचा खर्च अंगावर घेतला जातो, आणि तेथेही बहुधा तीच यादी फक्त डाव्या रकान्यापुरती पाठ करून घेतली जाते. मराठी रकाना पुसून टाकल्याने इंग्रजी लवकर येते, ही समजूत महागडी आहे.

दादोबांना स्वतःला इंग्रजीचे वावडे नव्हते हे येथे सांगितले पाहिजे, नाहीतर त्यांना मराठीच्या अभिमानाचे निशाण म्हणून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. १८४८ मध्ये सुरू झालेल्या मराठी ज्ञानप्रसारक सभेचे ते अध्यक्ष होते, आणि इंग्रजीतून आलेले ज्ञान मराठीत उतरविणे हाच त्या सभेचा उद्योग होता. स्वीडनचे तत्त्वचिंतक स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांवर त्यांनी इंग्रजीतून एक पुस्तक लिहिले आणि ते १८७८ मध्ये लंडनला छापले गेले. त्याच वर्षी, विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून कलकत्त्याच्या ठाकूर घराण्यातील सतरा वर्षांचा एक मुलगा मुंबईत दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी येऊन राहिला. विलायतेहून परतलेली आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा त्याला इंग्रजी संभाषणाचे धडे देई. तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ. तर्खडकरांच्या घरात इंग्रजी अशी वावरत होती.

सरकारी नोकरीचा उत्तरार्ध वेगळाच गेला. १८५२ मध्ये ते अहमदनगरकडे डेप्युटी कलेक्टर झाले, भिल्लांचा उठाव मोडण्यातील कामगिरीबद्दल रावबहादूर ही पदवी मिळाली. आजच्या वाचकाला, विशेषतः आदिवासी मुलखातील वाचकाला, ही पदवी खटकेल, आणि खटकावी. माणसामाणसांत भेद नाही असे सांगणारी मानवधर्मसभा ज्याने काढली, १८४९ मध्ये जातिबंधने झुगारणाऱ्या परमहंस सभेच्या स्थापनेत ज्याचा वाटा होता, त्याच गृहस्थाला डोंगरातील भिल्लांकडे पाहताना सरकारचे डोळे लावावे लागले. त्या पिढीतील सुधारकांची मर्यादा इतकी स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. परमहंस सभाही गुप्तपणे चालविली गेली आणि सभासदांची नावे बाहेर फुटताच विस्कटली. पुढे १८६७ मध्ये आत्माराम पांडुरंगांनी प्रार्थना समाज उभारला तो मात्र उघड्यावर.

निवृत्तीनंतर दादोबा पुन्हा शब्दांकडे वळले. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी विस्तृत टीका लिहिली आणि तिला आई यशोदा व वडील पांडुरंग यांची नावे जोडून यशोदा-पांडुरंगी असे म्हटले. ती १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. बावीसाव्या वर्षी लिहिलेल्या व्याकरणाने मात्र त्यांचा पिच्छा सोडला नाही. सदुसष्टाव्या वर्षी, १८८१ मध्ये, त्यांनी त्याला आणखी एक पूरणिका जोडली. पंचेचाळीस वर्षे एकच पुस्तक दुरुस्त करीत राहिलेल्या या मास्तरांचे १७ ऑक्टोबर १८८२ रोजी निधन झाले. आत्मचरित्र लिहावयास घेतले होते, ते अपुरेच राहिले. अ. का. प्रियोळकरांनी त्याचे संपादन करून ते १९४७ मध्ये प्रकाशात आणले.